साक्षीदार शेजारीण

तळ्याच्या शेतात याफ्रिल बांबूचे खुंट ठोकताना दिसला, तेव्हा मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, मामाचा हा लाडोबा लेक सुधारला, बदकांना अडवायला कुंपण घालतोय. आमच्या चिखलात त्यानं जन्मात पाय घातला नव्हता.

"अरे, लावणी आठ दिवसांवर आली. मधोमध कसले खुंट ठोकतोस?"

"इथं खोल्या होणार, मानीताई. पाहुण्यांसाठी. खिडकी उघडली की अख्खा सिंगालांग डोंगर समोर."

"डोंगर तुझ्या आईच्या अंगणातूनही दिसतो. तिथं बांध की."

तो हसला नाही. "बाबांनी मला दिलंय शेत. कागद झालाय. मला कशाला विचारतेस, त्यांनाच विचार."

मी खुळ्यासारखी बांधावर उभी राहिले. आमच्यात शेत आईकडून लेकीला जातं. ते माझ्या आईचं, रफियाचं होतं, मग माझं झालं, आणि उद्या माझ्या एल्फीचं. मामा फक्त राखणदार; बहिणीचा वंश खुंटला तरच शेत त्याच्या हाती येतं. तो राहतो ओढ्यापलीकडे बायकोच्या घरी, पण शब्द चालतो बहिणीच्या घरात. 'पोर मांडीवर, भाची बोटाला' असं आमच्याकडे म्हणतात, आणि मामांनी, कुळाचे प्रमुख म्हणून सगळे त्यांना दातुक म्हणतात, मला खरोखरच बोटाला धरून वाढवलं. माझे वडील दूर मेदान शहरात पोट भरायला गेले ते गेलेच. शाळेत मला मामांनी घातलं, लग्न त्यांनी जमवलं, नवरा वारला तेव्हा कबरीवर पहिली मूठ माती त्यांनी टाकली. आता एल्फीची मागणी घालायला वरच्या वाडीला तेच जाणार होते. आमच्यात मागणी मुलीकडचे घालतात, आणि मुलीचा मामा बोलल्याशिवाय त्या मागणीला कुणी दारात उभं करत नाही.

मी तडक गावच्या कचेरीत गेले. तिथली कारकून एल्मी माझ्याबरोबर शाळेत होती. तिनं नको नको म्हणत फाईल काढली. आत आमच्या घराण्याची वंशवेल, मामांच्या सुबक अक्षरात. सगळ्यात वर पणजी, खाली आजी, आजीखाली मामा आणि आई. आईच्या नावाखाली एक आडवी रेघ आणि शब्द: वंश खुंटला.

"खुंटला? एल्मी, मी मग कोण? भूत?"

एल्मीनं बोट खाली सरकवलं. साक्षीदारांच्या रकान्यात माझं नाव होतं आणि माझीच सही. नावापुढे लिहिलं होतं: शेजारीण.

"मला वाटलं, तुमचं आपसात ठरलंय," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "गावात सगळ्यांना तसंच वाटलं."

म्हणजे गावात सगळ्यांना माहीत होतं. आंधळी काय ती मीच.

सही केव्हाची तेही आठवलं. रोजे सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी मामा आले होते. हिरव्या मिरचीतलं बदक त्यांना आवडतं म्हणून मी सकाळपासून चुलीपुढे होते. जेवून, हात धुऊन ते म्हणाले, "मानी, कुळाच्या मोठ्या घराच्या छपराचा अर्ज आहे, इथं सही कर." मला वाचता येतं. पण मामासमोर कागद वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं आमच्याकडे कोण करतं? मी हाताचा मसाला पदराला पुसला आणि सही केली. वर विचारलं, अजून थोडं बदक वाढू का? कुंपणानंच शेत खाल्लं, आणि त्याला वाढायला मी बसले होते.

ओढा ओलांडून त्यांच्या दारात जाऊन बोंब ठोकावी असं वाटलं. पण मागणी रविवारी होती. मामा रुसले तर एल्फीसाठी बोलायला कोण जाणार? मग दुसरंही सुचलं. मागणीच्या वेळी मामाला मुलीची ओळख मुळापासून सांगावी लागते: कुणाच्या पोटची, कुणाची नात. दोन्ही कुळांच्या वडीलधाऱ्यांसमोर, मोठ्यानं. तिथं माझ्या आईच्या खाली माझं आणि माझ्या खाली एल्फीचं नाव त्यांच्या तोंडून आलं, की त्या कागदाला कोण विचारतं? मी गप्प राहिले.

रविवारी आम्ही वरच्या वाडीला गेलो. पानांचा पितळी डबा भरजरी कापडाखाली झाकून पुढे ठेवला. पुरुष भिंतीकडेनं बसले, आम्ही बायका मागे. एल्फी घरीच होती. मामा बोलायला लागले की माणसं चहा विसरतात. सुरुवात झाली, मुलाकडचे माना डोलवायला लागले. पणजीचं नाव आलं. आजीचं आलं. आता आईचं, म्हणून मी पुढे सरकले.

"...आणि त्याच कुळात, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली ही लेक," मामा म्हणाले आणि त्यांनी डबा पुढे सरकवला.

रफियाचं नाव आलंच नाही. स्वतःची बहीण, जिला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, ती त्यांनी तोंडातल्या तोंडात गिळली. जन्मात एक नाव न चुकलेला माणूस. कागदावर केलं ते परवडलं, पण हे माझ्या समोर बसून केलं.

पुरुषांच्या बोलण्यात बाई बोलत नाही. मी उभी राहिले.

"मामा, एक नाव राहिलं."

शेजारच्या मावशीनं माझा पदर ओढला. "खाली बस गं, पोरीचं वाटोळं करशील!"

मुलाच्या म्हाताऱ्या मामांनी हातात घेतलेलं पान परत डब्यात ठेवलं. "बाई, आपण कोण?"

"मी? कागदावर शेजारीण आहे. घरी विचाराल तर पोरीची आई."

म्हातारा मामांकडे वळला. "दातुक, तुमच्या तोंडून ऐकू द्या. हिची आई कोण?"

मामांनी घसा खाकरला. "रफिया. माझी धाकटी बहीण."

"ही?"

"रफियाची मुलगी."

"आणि ज्या मुलीसाठी आलात ती?"

"हिची."

"झालं तर. तीस जणांनी ऐकलं," म्हातारा म्हणाला आणि त्यानं पान उचललं. सोयरीक जुळली.

परतताना मामा पुढे चालत होते. आमच्या घराच्या पायरीशी त्यांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला. "याफ्रिलला खुंट काढायला सांगतो."

मला शेत मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी विचारलं, "मामा, मला शेजारीण का केलंत?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "मग काय लिहिणार? भाची लिहिली असती तर कागद झाला असता का?"

एवढं बोलून ते चपला काढायला लागले. जेवायची वेळ झाली होती, आणि आतून बदकाचा वास येत होता. सवयीनं सकाळी मी तेच शिजवलं होतं. चाळीस वर्षं आमच्या घरात पहिलं ताट त्यांचं.

"चपला राहू द्या," मी म्हणाले.

मी आत गेले, एक वाटी भरली, वर केळीचं पान झाकलं आणि पायरीवरच त्यांच्या हातात दिली. शेजाऱ्यांना आम्ही अशीच देतो.