पाकिटांचा डबा

"पोर्टल तो शनिवारकूच बंद हो गया, साब," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला. "अब आप कॅश लाओ, चेक लाओ, सोना लाओ, मैं क्या करूं?"

उदय भालकीकर हसला. त्याला खरंच ती थट्टा वाटली. आंतरशालेय मैदानी स्पर्धांची प्रवेश फी भरायला तो दर वर्षी असाच, शेवटची तारीख उलटल्यावर सोमवारी यायचा. मैदानाच्या पायऱ्यांखालच्या या खोलीत जुने सेक्रेटरी बसायचे. "क्या भालकीकर, फिर लेट?" म्हणून ओरडायचे, वर लेट फी घेऊन पावती फाडायचे, चहासुद्धा पाजायचे. सगळा खेळ कसा ओळखीतला होता.

"लेट फी देता हूं ना भाई," उदय म्हणाला आणि त्यानं नोटांचं पुडकं खिडकीत सरकवलं.

"लेट फीच नक्को बोल रहे अब. मशीनकू क्या मालूम, आपकू देर हुई की आपके घर में मय्यत हुई." माणूस वाईट नव्हता. त्यानं कॉम्प्युटरचं तोंड फिरवून दाखवलं. शाळांच्या नावांची यादी होती, त्याच्याच नारायणगुडा भागातल्या इतर शाळाही होत्या, आणि उदयची शाळा नव्हती. "आपके बच्चे तो इस साल नहीं दौड़ते, साब. पीछे लोगां खड़े हैं, जरा सरको."

उदय सरकला. जिन्याच्या कठड्याला धरून तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. डोळ्यांसमोर बाकी कोणी येईना, एक तेजश्री तेवढी येत राहिली.

तेजश्री दहावीत होती. तिचा बाप अंबाजी अफझलगंजच्या कापडबाजारात हातगाडी ओढायचा, आणि पोरगी चारशे मीटर अशी पळायची की बघणाऱ्याचा घास तोंडात राहावा. चालणं म्हणून तिला माहीतच नव्हतं. फाटकापासून वर्गापर्यंत पळत, वर्गापासून नळापर्यंत पळत, घंटा झालेली असो वा नसो. गेल्या वर्षी ती दुसरी आली होती. यंदा पहिली आली असती तर सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा होती. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं फुकट. नाही तर अंबाजीनं दिलसुखनगरच्या एका साडीच्या दुकानात शब्द टाकूनच ठेवला होता, परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच.

आणि ते या उदयबाबानं घालवलं होतं!

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं, कारण उदय काही कामचुकार माणूस नव्हे. शाळेच्या ऑफिसात त्याचे केस पांढरे झाले. तो नवा लागला तेव्हा क्रीडा फी न भरलेल्या मुलांची नावं प्रार्थनेनंतर माईकवरून वाचायची पद्धत होती. एकदा त्याच्याच हातात यादी दिली. पहिलं नाव वाचल्यावर समोरचा पोरगा मान खाली घालून जो रांगेतून बाहेर पडला, तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. उदयनं दुसरं नाव वाचलंच नाही. दुसऱ्या वर्षापासून त्यानं आपली पद्धत सुरू केली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, झाकणाला चीर. संघातल्या प्रत्येकाला सारखं खाकी पाकीट. घरून जमेल ते पाकिटात घालायचं, चिकटवायचं, डब्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. नाही जमलं तर रिकामं पाकीट टाकायचं. कोणी विचारणार नाही.

कमी पडेल ते आबासाहेब घालायचे. आबासाहेब शाळेचे जुने विद्यार्थी, अफझलगंजात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. उदय नुसता दुकानाच्या पायरीवर दिसला की म्हणायचे, "आलास का? ये, पैले चहा घे. किती कमी पडून राहिलंय?" तेवढ्यावर काम व्हायचं. मग सगळ्या शाळेची मिळून एकच फी, एकाच पावतीवर. गेले तर सगळे जाणार, नाही तर कोणी नाही. उदयला या गोष्टीचा फार अभिमान होता. देवळात जाणाऱ्याला देवाचा असतो तसा.

यंदा आबासाहेब अंथरुणाला खिळले. बोलणं गेलं. उदयनं त्यांच्या मुलाला, कौस्तुभला फोन केला. तो हायटेक सिटीत मोठ्या हुद्द्यावर.

"हो काका, आय नो, बाबा द्यायचे ना. पाठवतो," कौस्तुभ म्हणाला.

झालं! त्या घरातून 'पाठवतो' आलं म्हणजे पैसे आलेच, असं उदयनं धरलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. बायको, शोभा म्हणाली, "अहो, एक फोन करून बघा ना परत."

"बाप तिकडे तसा पडलाय आणि मी पैशाचा तगादा लावू? काय बोलतेस तू!"

माणसानं भिडस्त असावं, पण किती? शुक्रवारी मुख्याध्यापिका अपर्णा मॅडमनी बोलावून सांगितलं होतं. त्या पुण्याच्या, दोन वर्षांपूर्वी आलेल्या, कामाला चोख. "भालकीकर, यंदा सगळं ऑनलाईन आहे. प्रत्येक पालकाला लिंक पाठवा. ज्यांनी भरले त्यांची नावं तरी जातील."

"आणि ज्यांनी नाही भरले त्यांची?"

"ती राहतील. त्याला आपण काय करणार?"

"तसं नाही चालत आपल्याकडे, मॅडम. सोमवारी भरून येतो मी, दर वर्षी भरतो," उदय म्हणाला होता, आणि वर जरासा हसलाही होता. ते हसू आता त्याला जिन्यावर उभ्याउभ्या आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सकाळपर्यंत कौस्तुभचे पैसे आले नाहीत तेव्हा शोभानं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले काढून दिले होते. डब्यातले पैसे आणि तेच पुडकं घेऊन तो इथे आला होता. पैसे होते हो! पैशावाचून काही अडलं नव्हतं.

शाळेत येऊन त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. मॅडमनी त्याच्यासमोरच दोनचार ठिकाणी फोन लावले, इंग्रजीत विनवण्या केल्या, शेवटी फोन टेबलावर ठेवला.

"नाही म्हणताहेत," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या मुलांचे पैसे परत करा. कोणाचे किती, ते आहे ना तुमच्याकडे?"

उदयनं नाही म्हणून मान हलवली. नव्हतं. ते नसावं म्हणून तर सगळा खटाटोप होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दाराशी रांग लागली. उदय डबा उघडून बसला. "किती घातले होतेस, बाळ?" तो विचारायचा, मूल सांगायचं, तो द्यायचा. मुलांच्या मागून काही आईबापही आले. एक बाई पदर खोचून म्हणाल्या, "आमचं लेकरू महिनाभर पाच वाजता उठून राहिलं, सर. पैशाचं काय घेऊन बसलात? तो महिना द्या परत." उदयनं खाली बघूनच नोटा पुढे केल्या.

अर्धी रांग सरली आणि डबा रिकामा झाला. पाकिटं फोडताना त्यानं पाहिलं होतं, दर वर्षीसारखी यंदाही रिकामी होती. म्हणजे रांगेतलं कोणीतरी खोटं बोलत होतं. कोण? चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि त्याला कळून घ्यायचंही नव्हतं. कोणाच्या तोंडावर खोटारडा म्हणायचं आणि कोणत्या तोंडानं? त्यानं खिशातलं शोभाचं पुडकं काढलं आणि त्यातून देत राहिला. याच मुलांना तर तो वर्षानुवर्षं झाकत आला होता.

तेजश्री रांगेत नव्हती.

ती आली सगळे गेल्यावर. हातात खाकी पिशवी. उदय खुर्चीतून उठला, का उठला ते त्यालाही कळलं नाही.

"तेजश्री, ये. तुझे घे ना, बाळा." त्यानं उरलेल्या सगळ्या नोटा तिच्यापुढे धरल्या. "तुझे... हे तुझेच आहेत."

"नको सर. माझं पाकीट खाली होतं." तिनं सरळ सांगितलं. "आठवीपासून दर साल खालीच होतं. मी डब्यात टाकताना जोरात टाकायची, आवाज यावा म्हणून. पाकिटाचा कुठं आवाज येतो?" ती किंचित हसली.

"तेजश्री, मी... माझ्यामुळं..."

"लाईट घ्या, सर," ती म्हणाली. परीक्षेत एखाद्या पोराचा मार्क गेला तर 'मनाला लावून घेऊ नको' अशा अर्थी पोरं एकमेकांना म्हणतात तसं. "पूर्वीसारखी माईकवरून यादी वाचत असते ना, तर मी आठवीतच संघातून नाव काढून घेतलं असतं. पळाले तरी दोन साल."

"बाबांना मी येऊन भेटतो. दुकानवाल्यांशी बोलतो..."

"नको. बाबानी हो बोलून टाकलं काल. ॲडव्हान्सपण घेतला." तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "शाळेचे स्पाईक्स. जमा करून घ्या."

"असू देत तुझ्याकडे!"

"मी काय करू, सर? साड्या दाखवायला चप्पलपण बाहेर काढून ठेवावी लागते."

घंटा झाली. "जाऊ, सर?" तिनं विचारलं, आणि तो काही म्हणायच्या आत वळली.

उदयनं पिशवीतून बूट काढले. धुतलेले होते. तळाच्या खिळ्याखिळ्यांतली लाल माती कशानं तरी कोरून काढलेली होती, आणि आकार जाऊ नये म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. ते हातात धरून तो खिडकीशी गेला.

मैदानातून सगळी पोरं वर्गाकडे धावत सुटली होती. त्यांच्यात तेजश्री होती. दोन्ही बाजूंनी पोरं तिला मागे टाकून पुढे जात होती, आणि ती चालत होती.