माझ्या डोळ्याखालच्या चपला

माझ्या उशाशी एक गोल भोक आहे आणि मित्रांनो, तोच माझा एकुलता एक डोळा. मी उपचाराचा जुना बाक आहे. सुताराने माप म्हणून त्या भोकात स्वतःचंच तोंड घालून पाहिलं, त्यामुळे ते जरा ऐसपैस झालं. पालथं झोपलेल्या माणसाने त्यात तोंड ठेवायचं. मग त्याला आणि मला एकच दिसतं: जमीन, आणि ताईचे पाय.

ताई ऑस्टिओपॅथ. स्नायू आणि सांधे हातांनी चाचपून मोकळे करणं हे तिचं काम. सोळा वर्षं ती माझ्या कडेला उभी आहे. कुणी मान धरून आला, तरी ती त्याची चाल बघायची, श्वास बघायची, झोप लागते का विचारायची.

"अहो, मान दुखतेय माझी! पायाची बोटं कसली बघताय?" एक शिक्षक एकदा करवादले.

"मान एकटी आली नाही ना, सर? अख्ख्या तुम्हाला घेऊन आलीय."

लोक माझंही कौतुक करत. या बाकावर पडलं की अर्धं दुखणं तिथंच जातं, म्हणत. हातांच्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं, की मात्र ताई त्याच दिवशी मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून द्यायची.

दोन महिन्यांपूर्वी मला तिची डावी चप्पल फरफटताना दिसली. ती पाऊल उचलायची, पण पुढचा भाग खालीच लोंबायचा. रोज थोडा जास्त. कमरेला हात लावून ती माझ्यावर रेलायची. माझ्यावर झोपणाऱ्या प्रत्येकाच्या नाकासमोर ती चप्पल होती. पण जो तो आपापल्या कळांत. आईचा फोन आला की ताई हसून म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

मी काय करणार? जीव खाऊन कुरकुरलो. तिने माझ्या स्क्रूंना तेल घातलं. होता तेवढा आवाजही गेला.

शेवटी चपला दुरुस्त करणारे काका खांदा दाखवायला आले. भोकात तोंड ठेवलं आणि तिथूनच बोलले, "ताई, लोकांची टाच झिजते. तुमची चप्पल अंगठ्याशी कशी झिजली?"

"जुनी झालीय हो. खांदा सैल सोडा."

"खांदा गेला खड्ड्यात!" काका उठून बसले. "पाऊल वर ओढून दाखवा."

तिने ओढलं. बोटं जागची हलली नाहीत.

"दुसऱ्या कुणाचं पाऊल असं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता?" काकांनी विचारलं.

काका उतरले. ताई माझ्यावर पालथी झाली, सोळा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यातून तिचं पाणी जमिनीवर पडलं. मग उठून तिने चिठ्ठी लिहिली आणि रुग्णाच्या जागी स्वतःचं नाव घातलं.

परवा काका तिच्या आईला घेऊन कागद न्यायला आले होते. त्यांच्या बोलण्यातून कळलं, ताईची नस दबलीय, ऑपरेशन आहे. पाय पुन्हा उचलेल का, डॉक्टर सांगत नाहीत. "आधी यायला हवं होतं," एवढंच म्हणाले. काकांनी नवा तळ लावलेल्या ताईच्या चपला बरोबर माझ्या डोळ्याखाली ठेवल्या.

तेव्हापासून मी त्यांच्याकडेच बघतोय. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण तुमच्या घरी जे कुणी सगळ्यांची दुखणी काढत असेल, त्याच्या पायांकडे आज एकदा बघा, आणि दिसेल ते बोला. मला नुसता डोळा होता.