दुसऱ्या खणातली फ्लॉपी

अण्णांच्या साकीनाक्याच्या गाळ्यात दर दसऱ्याला लेथ आणि ड्रिलच्या जोडीने एका जुन्या कॉम्प्युटरचीही पूजा होई. बाकीची यंत्रं वर्षभर राबायची; हा मात्र तीस वर्षं नुसता पूजा घेत बसला होता. अण्णांची बायको शुभा हिने शेवटचा बंद केला, तेव्हापासून त्यांनी त्याच्या बटणाला कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं.

आजारपणात शुभा त्याच्यावर पत्रं लिहायची, दोन वर्षांच्या लेकीसाठी, रेवतीसाठी, ती मोठी झाल्यावर वाचायला. कागदावर एकही उतरलं नाही. सगळी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खणाच्या फटीत घातलेल्या फ्लॉपीत राहिली, आणि फ्लॉपीही तिथेच. रेवती आता आई गेली त्या वयाची झाली होती. आईचा आवाजही तिला आठवत नव्हता, आणि त्या पत्रांसाठी तिचा जीव तुटत होता.

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून चालवणारा मुलुंडचा मिहिर तिचा मित्र. त्याने तिला बजावलं होतं, "आधी उघडून साफ करू. आत काय साचलंय ते बघितल्याशिवाय चालू करू नकोस. फ्लॉपी एकदा खरवडली गेली की वाट लागली."

उघडायचं म्हटल्यावर अण्णा बिथरले. शुभाच्या वस्तूला स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही म्हणाले. वर्षभर वाद चालला. शेवटी या दसऱ्याला, पूजेनंतर, ते आपणहून म्हणाले की नुसता चालू करून बघ, पण खोलायचा नाही. रेवतीला मिहिरचे शब्द आठवले. पण आज नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा कधी हो म्हणणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने बटण दाबलं.

पंखा घरघरला. करपल्यासारखा वास आला आणि विरला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तिने कॉम्प्युटरला दुसऱ्या खणातली फ्लॉपी वाचायला सांगितली, तेव्हा सात पत्रांची यादी आली. अण्णा स्टूल ओढून पडद्यासमोर बसले. रेवतीने पहिलं पत्र उघडलं. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं: चिरंजीव रेवती, तू हे वाचशील तेव्हा

पुढे काही आलं नाही. खणातून पातेलं घासल्यासारखा आवाज येऊ लागला. पुन्हा, आणि पुन्हा. मग यंत्राने वाचता येत नाही असं कळवलं. रेवतीने घाईने कॉम्प्युटर बंद केला आणि फ्लॉपी ओढून काढली. तिच्याबरोबर टेबलावर लाल भुकटी सांडली आणि तांदळाचे चार दाणे.

तीस दसऱ्यांचं कुंकू आणि अक्षता. अण्णा नेमाने त्याच फटीवर वाहत आले होते, कारण शुभा त्या खणात होती.

तिने फ्लॉपी ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्या चकतीवर एक कडं खरवडून निघालं होतं आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"मी तर तिला कधी हातसुद्धा लावला नाही गं," अण्णा म्हणाले. त्यांच्या बोटाला सकाळचं कुंकू अजून तसंच होतं.