मूळ प्रत पाहा

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि खुणा परत मोजल्या. अकरा. चाळीस वाक्यांच्या अर्जावर पेन्सिलीच्या अकरा खुणा, आणि प्रत्येक इतकी रेखीव की छापखान्यातल्या कोणीही लांबूनच सांगितलं असतं, ही भाऊंची.

"भाऊ, हे काय आहे?"

टेबलाच्या पलीकडे भाऊ चहाच्या कपावर बशी झाकत होते. "तुमचा अर्ज."

"ते दिसतंय मला. मी सही मागितली होती."

"तुम्ही तपासा म्हणालात."

म्हणाल्या होत्या खऱ्या. एकोणीस वर्षं त्या खोलीत दुसरं काही घडलंच नव्हतं. भाऊ लेखकाच्या हातची मूळ प्रत मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. बाई समोर छापील कागद धरून ओळ न् ओळ ताडून बघायच्या आणि लाल पेनाने चुका काढायच्या. त्यामुळे कोणताही कागद टेबलापलीकडे सरकवताना बाईंच्या तोंडून 'तपासा' हाच शब्द निघायचा. छापखान्यातली मंडळी भाऊंना पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत. बाईंना काय म्हणत ते बाईंना माहीत नव्हतं. आपल्याला टोपणनावच नाही असा त्यांचा समज होता.

अर्ज नव्या मॅनेजरांनी वाटला होता. तपासणी विभागाला प्रमुख नेमायचा होता, नऊ माणसं सांभाळायची होती, आणि मॅनेजरांच्या मते माणसं सांभाळणाऱ्याने आधी स्वतःला ओळखायला हवं. आपण लोकांशी कसे वागतो, आपल्याला लोकांकडून काय हवं असतं, अशी चाळीस वाक्यं. प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. खाली एका सहकाऱ्याची सही, की माझ्या माहितीप्रमाणे हे खरं आहे. शनिवारी पाचच्या आत अर्ज मॅनेजरांच्या टेबलावर हवा. सहीशिवाय धरला जाणार नाही.

ही जागा बाईंना हवी होती. चार वर्षांपासून हवी होती, आणि ती आपल्यालाच मिळायला हवी याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकीचे पेन शोधत होते तोवर आठ मिनिटांत त्यांचा अर्ज भरून झाला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आपण माणसांत रमणाऱ्या. सगळ्यांशी बोलणाऱ्या. चौकोन भराभरा 'नेहमी'खाली भरत गेले.

आणि आता ह्या खुणा. 'दुसऱ्याचं बोलणं मी पूर्ण ऐकून घेते' ह्यापुढे समासात बारीकसं प्रश्नचिन्ह. 'निर्णय मी सगळ्यांना विचारून घेते' ह्यातल्या 'सगळ्यांना'वर आडवी रेघ आणि कडेला 'काढा'. 'माझं चुकलं तर मी कबूल करते' ह्याच्या समासात 'नोंद सापडत नाही'. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सतराव्या वाक्याशी तर त्या थबकल्याच. 'सहकाऱ्यांच्या घरच्यांची मी विचारपूस करते: नेहमी.' तिथे 'नेहमी'ला हलकासा गोल होता आणि समासात लिहिलं होतं, 'दर शनिवारी. मूळ प्रत पाहा.'

छापलेलं आणि लिहिलेलं जुळत नसलं की समासात असं लिहायचं, ही ह्या कामातली रीत. बाईंनी ते शब्द हजारदा लिहिले असतील. स्वतःबद्दल वाचायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"कुठली मूळ प्रत?" त्यांचा आवाज चढला. "अहो, इथे मूळ प्रत मीच की!"

"म्हणून तर," भाऊ म्हणाले.

"म्हणजे मी कोणाची विचारपूस करत नाही?"

"असं नाही लिहिलेलं मी. शनिवारी करता, तसं लिहिलंय." त्यांनी बशी काढून चहाचा घोट घेतला. मग खणातून स्वतःचा अर्ज काढला आणि बाईंकडे नव्हे, टेबलाच्या मधोमध ठेवला, रोज कागद ठेवत तसा. "माझ्या अर्जावर तुमची सही लागेल. तपासा."

भाऊंना प्रमुखपद नको होतं. अर्ज सगळ्यांनीच भरायचा होता म्हणून त्यांनी भरला होता. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. पेन्सिल नव्हे, पेन. आता बघतेच, असं त्या मनात म्हणाल्या. डोळ्यांत तेल घालून चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या इमारतीत कोणी नव्हतं.

'माझ्या अडचणी मी दुसऱ्यांना सांगतो: क्वचित.'

पेन कागदाच्या वर थांबलं. बरोबर की चूक? भाऊंच्या अडचणी म्हणजे कोणत्या? बाईंनी थोडं आठवून पाहिलं आणि पुढचं वाक्य घेतलं. 'एकटं राहायला मला आवडतं: कधीच नाही.' भाऊ तर दुपारचा डबा एकटेच खात. आवडतं म्हणून, असं बाई धरून चालल्या होत्या. 'मला कोणी बोलावलं तर बरं वाटतं: नेहमी.' त्यांना कोणी कधी बोलावलं होतं का? बाई पुढे सरकल्या. भाऊंचा चहा बिनसाखरेचा, चौथ्या तासाला त्यांचा आवाज बसतो, 'स्वल्पविराम' हा शब्द ते 'पूर्णविराम'पेक्षा हळू म्हणतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. अर्जात त्यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. पहिलं पान संपलं तेव्हा त्यावर लाल रंगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता. एकोणीस वर्षांत असं कोरं पान बाईंच्या हातून गेलं नव्हतं.

त्यांनी पान उलटलं. शेवटी दोन प्रश्न लिहून उत्तर देण्याचे होते.

'कामाच्या ठिकाणी आपली आठवणीने चौकशी करणारं कोणी आहे का?' भाऊंनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'हो. आमच्या बाई. दर शनिवारी.'

बाईंना बरं वाटलं. मग त्यांनी दुसरा वाचला.

'आपल्याला सर्वांत जास्त कोणाची सोबत हवीशी वाटते?' 'पत्नीची. ती वारली त्याला सात वर्षं झाली.'

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली. दर शनिवारी, पाचला पाच कमी असताना, भाऊ पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहत आणि बाई मान वर न करता म्हणत, "वहिनींना नमस्कार सांगा हं." आणि भाऊ म्हणत, "सांगतो." गेल्या शनिवारीही म्हणाले होते. सात वर्षांचे शनिवार. बाईंना तो हिशेब करवेना.

सात वर्षांपूर्वी भाऊ पंधरा दिवस रजेवर होते. रजेच्या कागदावर 'घरगुती कारण' असं होतं. परत आले तेव्हा वाळलेले दिसत होते. "बरं वाटतंय ना आता?" असं आपण विचारलं होतं, हे बाईंना स्वच्छ आठवलं. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आपण त्यांच्यापुढे राहिलेली अकरा प्रकरणं ठेवली होती, तेही आठवलं.

बाकीच्यांना माहीत असणार. मग आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही? कोण सांगणार होतं? बाईंना माहीत नसेल हे कोणाच्या मनातही आलं नसेल. एकोणीस वर्षं समोरासमोर बसणारी माणसं.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. खालच्या मजल्यावर खुर्च्या सरकत होत्या. भाऊंनी कप विसळून उपडा ठेवला, खण बंद केला, पिशवी खांद्याला लावली. बाईंच्या अर्जाखालची सहीची जागा अजून रिकामीच होती. ते दारापर्यंत गेले आणि नेहमीसारखे थांबले.

बाईंनी हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं.

भाऊ थांबूनच राहिले. मग उंबऱ्यात अर्धवट वळून म्हणाले,

"आज निरोप नाही?"

"भाऊ..." बाई म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं हो."

"ते कळलं मला. पहिल्याच शनिवारी कळलं."

"मग सांगायचं नाही का? मी मूर्खासारखी दर आठवड्याला..."

"आधी वाटलं, सांगावं," भाऊ म्हणाले. "मग वाटलं, राहू दे. तिचं नाव काढणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. घरी गेलो की सांगायचो मी तिच्या फोटोला. बाईंनी नमस्कार सांगितलाय म्हणून. शनिवारी बोलायला काहीतरी असायचं."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. विचारावं की नाही ते त्यांना कळेना, आणि न विचारता राहवेना.

"कधी झालं हे? कुठल्या दिवशी?"

"आपण तो कायद्याचा मोठा ग्रंथ उरकत होतो बघा. गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीत घरून फोन आला. मग खालची सगळी मंडळी आली माझ्याबरोबर."

तो गुरुवार. बाईंना तो दिवस माहीत होता. इतकी शांत दुपार त्या छापखान्यात आधी कधी मिळाली नव्हती. ना यंत्रांची घरघर, ना जिन्यात पावलं. एका बैठकीत त्यांनी नव्वद पानं हातावेगळी केली होती, आणि पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं होतं की अशी दुपार रोज मिळाली तर मी काय करून दाखवीन. ऐकणारे गप्प बसायचे. ते का गप्प बसायचे, हे आत्ता कळत होतं.

"शेवटचं वाचन एकटीने करायचं म्हणून मी त्या दिवशी दाराला कागद लावला होता," बाई हळूच म्हणाल्या. "काम चालू आहे, आत येऊ नये."

"हो. तुम्हाला सांगायलाच वर आलो होतो मी." भाऊंनी पिशवीचा पट्टा सारखा केला. "वाचला तो. म्हटलं, कामात आहेत."

खालून मॅनेजरांचा आवाज आला, कोणाचे अर्ज राहिलेत का म्हणून. भाऊ टेबलाशी परत आले. त्यांनी बाईंचा अर्ज ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं. "द्या, सही करून टाकतो. प्रश्नचिन्हं काय, खोडरबराने जातील."

बाईंनी कागदावर पालथा हात ठेवला.

"राहू दे."

"पाच वाजतायत, बाई."

"वाजू दे. भाऊ, वहिनींचं नाव काय होतं?"

तास न् तास न अडखळता वाचणारे भाऊ पहिल्याच अक्षराला अडखळले. मग त्यांनी नाव सांगितलं. बाईंनी ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं, आणि आपली खुर्ची सोडून टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आल्या. त्या बाजूने ही खोली कशी दिसते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिथून समोर दिसायची फक्त बाईंची खुर्ची आणि तिच्यामागे ते दार.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगा मला. सुरुवातीपासून."

"सुरुवातीपासून म्हणजे वेळ लागेल."

"लागू दे."

खाली मॅनेजरांच्या खोलीला कुलूप लागल्याचा आवाज आला. भाऊंनी पिशवी खांद्यावरून उतरवली, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला आणि सांगायला लागले. पहिल्याच वाक्याला बाईंना मध्ये काहीतरी विचारायचं होतं. त्या गप्प राहिल्या.