पाहुण्याचं ताट

नावेत दोन डोकी दिसली तशी भिकुबाईने परातीत अजून दोन मुठी पीठ टाकलं.

एक डोकं नावाडी जीवरामचं, ते रोजचंच. दुसरं कुणाचं ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. पण शर्ट पांढरा होता, आणि बेटावर पांढरा शर्ट घालणारं कुणी उरलं नव्हतं. तिने हात पुसले, फळीवरून कांस्याचं ताट काढलं आणि राखेने घासायला घेतलं. सात महिने झाले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताट तिच्या घरी आलं ते फळीवरच बसलं होतं. आता भरताची वांगी आली तरी ते हललं नव्हतं.

ताटाची गोष्ट अशी. टेंभीचं बेट तापीच्या मधोमध. खाली बंधारा झाल्यापासून बाराही महिने चारी बाजूंनी पाणी. पूर्वी ऐंशी घरं होती, आता सहा. या बेटावर जो परका माणूस नावेतून उतरेल, त्याला आधी जेवू घालायचं; नाव-गाव, काम-धाम विचारायचं ते नंतर. ज्याच्या घरी ताट, त्याची पाळी. पाहुणा जेवून उठला की घरच्या बाईने ताट शेजारी न्यायचं आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं, "पाव्हना जेवना." पाहुणा जेवला, एवढं म्हटलं की सुटली. पण ताट घरात असेपर्यंत त्या घराला कुलूप लावायचं नाही आणि त्या घरच्या बाईने बेट सोडायचं नाही.

या एका ताटापायी इथल्या माणसांचा स्वभावच तसा होऊन बसला होता. स्वयंपाक कुणाचा बेताचा म्हणून व्हायचा नाही. पाहुण्यापुढे भांडायचं नाही आणि पाहुणा कधी उतरेल याचा नेम नाही, म्हणून भांडणंसुद्धा दबक्या आवाजात. काठावरची गावं हसायची. म्हणायची, बेटवाले येडे, चोर उना तरी आधी जेव म्हनतीन. खोटं नव्हतं ते. जीवराम स्वतः बावीस वर्षांपूर्वी सातपुड्याकडून असाच आला होता, का आणि कशासाठी ते अजून कुणी विचारलेलं नाही. भिकुबाईच्याच घरी जेवला, ओसरीवर झोपला, सकाळी उठून नावेतलं पाणी उपसायला लागला. गेलाच नाही.

पण आता कोण येणार? शाळा बंद, त्यामुळे मास्तर नाही. दवाखान्याची बाई काठावरूनच जीवरामच्या हाती गोळ्या देते. बांगडीवाला मेला.

भिकुबाईने ताट उन्हात धरून पाहिलं आणि दारात येऊन उभी राहिली. पांढरा शर्ट चढ चढून वर आला.

भूषण होता. तिचा मुलगा.

तिचा चेहरा पडला. क्षणभरच, पण पडला. नऊ वर्षांनी पोटचा पोर दारात उभा आणि आपल्याला वाईट वाटलं, या विचाराने तिचा जीव चरकला. तिने घाईघाईने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"फोन तरी करता, बापा."

"केला असता तर नको म्हणाली असतीस. आई, मी तुला न्यायला आलोय. दीपनगरला क्वार्टर मिळालंय, मागच्या महिन्यात सांगितलं ना? दोन खोल्या आहेत. चारच्या नावेने निघायचं, अमळनेरहून संध्याकाळची गाडी आहे."

पूर्वी तो माय म्हणायचा. आता आई म्हणतो, आणि बोलणंही पुस्तकातल्यासारखं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नोकरीत तसं बोलावं लागत असेल.

"येसू ना," ती म्हणाली. "मले काय आठे सोनं पुरेल शे? रात रात जीव खाई उठस. पन ताट मनाकडे शे."

तिला जायचं होतं, हे खरंच होतं. नवरा धनसिंग जाऊन नऊ वर्षं झाली होती; भूषण शेवटचा आला तो बापाच्या दहाव्यालाच. संध्याकाळी ती भिंतीशी बोलायची, आणि भिंत उत्तर देत नाही म्हणून भिंतीवर रुसायची. गाठोडं तर दिवाळीपासून बांधून ठेवलं होतं. त्यात दोन लुगडी, धनसिंगचा फोटो आणि सुनेसाठी उडदाचे पापड. फक्त एक परका माणूस उतरायला हवा होता.

"अजून ते ताट?" भूषण हसला. "ठेवून दे रत्नाकाकूकडे."

"कोनी जेवेल नही त्यावर."

तोवर शेजारची रत्ना आलीच. मागोमाग काठी टेकत प्रेमराज आबा. बेटावर वयाने सगळ्यात मोठे तेच, म्हणून त्यांचा शब्द चाले. भूषणला पाहून दोघांनाही भरून आलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, खाटेवर बसले आणि दाढी खाजवत बोलू लागले.

"भिकुबाई, पोऱ्याले नऊ वरीस व्हयी गयात. नावमा बशीसन उना. त्यालेच पाव्हना धरी ल्या. मी समदास्ले सांगसू."

"हा ना, वहिनी," रत्ना म्हणाली. "वाढी द्या त्याले ताटमा. मी उचली लिसू."

भिकुबाई चुलीपाशी गेली. खरंच की, एवढं सोपं! आबा म्हणतात म्हणजे पाप नाही. जीवरामने गाठोडं उचलून नावेत नेऊन ठेवलंसुद्धा. ती भराभर भाकरी थापू लागली. भरीत निघालं, वर तेल सोडलं, ठेचा काढला. एकीकडे मनाशी मोजत होती, चुलीला पोतेरं द्यायचं, शेळी रत्नाकडे सोडायची.

भूषणने ताट स्वतःच उचललं. मांडी घालून बसला आणि पुढ्यात ठेवलं.

"लहानपणी यात जेवायला किती रडायचो मी! बाबांनी एकदा थोबाडीत मारली होती. म्हणाले, हे घरच्यांसाठी नाही."

"मारीच व्हती," रत्ना हसली. "अख्खं बेट ऐकी राहिनं व्हतं."

"आता हरकत नाही," भूषण म्हणाला, मजेतच म्हणाला. "धरा मला पाहुणा. मी कुठे आता इथला राहिलोय?"

आबाही हसले.

भिकुबाई भाकरी हातात घेऊन उभी होती. वाफ बोटांना लागत होती तरी ती तशीच. ताटाकडे पाहत होती, मग ताटापुढच्या त्या मांडीकडे. डावा गुडघा थोडा वर, अगदी धनसिंगची बसायची तऱ्हा. भूषणने मान वर करून म्हटलं, "वाढ ना."

ती वाकली. ताट त्याच्या पुढ्यातून काढून घेतलं. फळीवरून स्टीलची रोजची थाळी आणली, तिच्यात भाकरी ठेवली, शेजारी भरीत.

"खाय," ती म्हणाली.

आबांनी नजर खाली घातली. भूषणला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"आई, एक शब्द बोलायचा होता फक्त. मला काही वाटलं नसतं."

"माहीत शे मले," ती म्हणाली. "ठेचा लेय."

तो जेवला. खाली मान घालून, दीड भाकरी. चारला नावेत बसला तेव्हा गाठोडं त्याच्या पायाशी होतं. ते त्याने तिच्या हातात दिलं. पापड काढून घ्यायला ती सांगत होती, पण त्याने ऐकलं नाही. नाव लोटली गेली. मधल्या धारेपर्यंत तो पाठमोरा होता, मग वळला आणि हात केला. तिनेही केला.

जीवराम परतला तेव्हा अंधारून आलं होतं. भिकुबाई काठावरच्या दगडावर, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली.

"अक्का," तो म्हणाला, "समदा तयार व्हतात. तुनंच म्हननं बाकी व्हतं. का नही म्हनं?"

तिने गाठोड्याची गाठ आवळली.

"तू पाव्हना बनीसन उना, जीवराम, आनि आमना व्हयी गया. तो आमनाच शे. त्याले मी मना हातवरी पाव्हना कशी करू?"

जीवरामने नाव खुंटाला बांधली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि दोघं चढ चढू लागली.