नऊ किलो तांदूळ, अठ्ठावन्न पायऱ्या

पहिला काटा : भरलेली गाडी

"आधी बालाला बसवते," असं म्हणत गोजराने पिशवीतून तांदळाचं गाठोडं काढलं आणि स्ट्रोलरमध्ये ठेवलं. गाठोड्याला टोपरं घातलेलं होतं.

वाशीच्या बाबागाड्यांच्या दुकानातला विक्रेता मिथुन बघतच राहिला. "मावशी, हे काय?"

"आमची नात. लिस्बनला असते. परवाच लेकीनं वजन केलंय तिचं. नऊ किलो."

गोजराचा नवरा नामदेव हसला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकतीस वर्षं तो वजनकाट्यावर बसला होता. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा. उरतो तो माल. आज ट्रकऐवजी बाबागाडी, एवढाच फरक. सकाळपासून हात नुसते शिवशिवत होते.

पहिल्या नातवंडाचा पाळणा माहेरचा. पण लेक सुचिता फोनवर म्हणाली होती : पाळणा नको, फिरायची गाडी आण. तुला उचलवेल ती आण. आमच्याकडे लिफ्ट नाही बाबा, अठ्ठावन्न पायऱ्या आहेत. बाळ आणि गाडी एकट्याने नेता आली, तर तू रोज तिला ट्रामने पाळणाघरात सोड. नाहीतर मी बाई ठेवते. तू नुसता पाहुणा म्हणून ये.

नुसता पाहुणा. तीन महिने.

गोजरा जाणार नव्हती. बोनकोड्याच्या घरी नामदेवची आई अंथरुणावर होती. "म्हातारीला माझ्याच हातची अंघोल लागते. तुमी जा," असं तिनेच ठरवून टाकलं होतं.

ही पहिली गाडी मोठ्या चाकांची. लिस्बनचे रस्ते दगडी. दुकानाबाहेरच्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले. म्हणजे तेच. गाडी सुसाट गेली. टोपरंसुद्धा हललं नाही.

नामदेवने गाठोडं काढलं, गाडी उचलली, ठेवली. "खोक्यावर नऊ लिवलंय. बारा हाय."

"काका, छत नि सीट पकडून बारा होते," मिथुन हळूच म्हणाला.

"मंग छत काय टपालानं येनार?"

दुसरा काटा : रिकामी गाडी

दुसरी सडपातळ. मिथुनने बटण दाबलं. खट, खट, खट. तीन घड्या. "एका हाताने, काका. विमानात डोक्यावरच्या खणात बसते."

नामदेवने उचलली. "सहा."

"सहा पॉइंट एक."

नामदेवने मान डोलावली. पण फुटपाथवर तिची चाकं फटीत अडकली. एकदा. दोनदा. मिथुन म्हणाला, "काका, तीच मोठी घ्या ना."

"उलटी फिरवा नि वढा," गोजरा म्हणाली.

ओढली. गेली.

राहिला जिना. दुकानाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर क्लासेस होते, तिथपर्यंत. एका हातात मिटलेली गाडी, कडेवर तांदूळ. मागे गोजरा, तिच्या हातातल्या फोनमध्ये सुचिता. सगळ्यात मागे मिथुन, दुकान सोडून.

बारा पायऱ्या.

"बाबा, हळू."

एकवीस. उजवा गुडघा बोलू लागला.

चौतीस. क्लासची मुलं भिंतीला सरकली.

एक्केचाळीस. नामदेवचा श्वास फोनमध्ये ऐकू जात होता.

"बसा जरा," गोजरा म्हणाली.

"भरलेली गाडी चढावर थांबवत नाय."

चोपन्न. आणि जिना संपला. मिथुनने टाळी वाजवली.

"चार कमी हायेत," नामदेव म्हणाला. चार पायऱ्या उतरला. चार पुन्हा चढला.

 फोनमधून सुचिता म्हणाली, "तिकीट काढते, बाबा. पाहुण्याचं नाही."

माल

नामदेवने गाडी तिथेच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खट, खट, खट. क्लासच्या मुलांना मिटून दाखवली. गुडघा चोळता चोळता म्हणाला, "हीच बांध, मिथुन. सहा पॉइंट एक."

मिथुनने गाडी खांद्याला लावली. "मावशी, तांदूळ द्या, पिशवीत घालतो."

नामदेवच्या कडेवरून गोजराने गाठोडं कधी घेतलं, कोणालाच कळलं नव्हतं. ती जिन्याच्या खिडकीशी उभी होती. एका पायावर भार देऊन, सावकाश डोलत. एका हाताने टोपरं सारखं करत.

"असू दे," ती म्हणाली. "घरापरेंत मी नेते."