वच्छीच्या हंड्याचा पोचा

ठाक्! असा आवाज आला अन् मी तोंडावर आपटले.

दुष्काळाचं साल. चार दिसांतनं एकदा टँकर, मग बायका पळणारच की! मी बी पदर खोचून पळाले, तर मागनं कुणीतरी टाचेच्या वर दणकून हाणलं. वळून बघते तर वच्छला! पायाशी तिचा पितळी हंडा, अन् हंड्याला ह्यो एवढा पोचा. आजून काय पुरावा पायजे?

"वच्छे, पाण्यापायी माझा पाय मोडतीस?"

"बायना, आगं मी न्हाई..."

"गप! पुन्हा तोंड दाखवू नको."

वच्छला म्हंजे माझी जिवाभावाची मैतरीण. आमी दोघींनी दारोदार हिंडून बायकांची दूध सोसायटी उभी केली. ती चेअरमन, मी सेक्रेटरी. पण माझा राग लई वंगाळ. लंगडत घरोघर गेले, सांगितलं, असली मारकुटी चेअरमन नको. शनिवारी चार वाजता सभा लावली, तिला काढायची.

पायाचा पाटोद्याला फोटो काढला. हाड धड हाय म्हणले. मग चोळलं तेल. पण फळीवरचा डबा काढाया टाच उचलावी, तर उचलंच ना. शनिवारी सकाळी दीर गहिनीनाथनं जीपमधी घातलं अन् बीडला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला पालथं निजवलं, पाय खाटेबाहेर. धड पायाची पोटरी दाबली, तर पाऊल आपसूक हाललं. दुखऱ्या पायाची दाबली, तर पाऊल ढिम्म!

"पोटरी अन् टाच बांधणारी जाड दोरी असते, कंडरा म्हणतात. ती तुटलीय. फोटोत हाडच दिसतं, ही न्हाई दिसत."

"तुटणारच! हंडा हाणला की मैतरणीनं!"

बाई हसल्या. "कुणी न्हाई हाणला. पळताना आपोआप तुटते. आवाज होतो, अन् मागनं कुणीतरी मारलं असंच वाटतं. परवा एक कबड्डीवाला आलता, तो बी गड्याला शिव्या घालत व्हता."

मी ताडकन उठून बसले. चारला सभा! "बाई, किती वाजले?"

सोनोग्राफीत दिसलं, पाऊल खाली वाकवलं की तुटली टोकं जुळत्यात, कापायची गरज न्हाई. तसंच बोटं खाली करून पलस्तर घातलं. पुढं उंच टाचेची चप्पल, हळूहळू टाच खाली आणायची, अन् चोळणं बंद! मी नुसती हूं हूं करत व्हते. ध्यान सगळं घड्याळात.

फोन लावले, सभेच्या गलबल्यात कुणी उचलंना. मांजरसुंब्याला गहिनीनाथ च्याला थांबाया लागला.

"थांबलास तर उतरून पळत जाईन बघ!"

"कशानं पळशील, वहिनी?" म्हणला, पण जीप अशी हाणली की पलस्तरासकट मी शिटावरनं उडत व्हते!

पोचलो तवर हात वर झाले व्हते. वच्छला मान खाली घालून बसलेली, सोसायटीचा शिक्का पुढं सरकवलेला.

"हात खाली घ्या गं!" मी गहिनीनाथच्या खांद्याला लोंबकळत वरडले. "हिनं न्हाई हाणलं! माझी दोरी आपोआप तुटली! चूक माझी, तोंड माझं!"

हात खाली आले. पण मनातली सल जाईना.

"वच्छे, मग हंड्याला पोचा कसा पडला?"

"तू पडत व्हतीस," ती म्हणली. "तुला धराया हंडा टाकला, त्यो दगडावर आपटला. पर मी पोचायच्या आत तू पडलीस."

"मग चार दिस कावून सांगितलं न्हाईस?"

"तूच म्हणलीस, तोंड दाखवू नको."

मला रडू फुटलं. गहिनीनाथचा खांदा सोडून, पलस्तराचं भान न्हाई, मी तिच्याकडं झेपावले. वच्छी शिक्का टाकून उठली. ह्या बारीला तिनं मला पडू दिलं न्हाई.